वीस चुका टाळून

२०२३ साली डोंबिवलीतल्या एका रंगाच्या कारखान्याच्या दोन मालकांत, सख्ख्या भावांत, विस्तव जात नव्हता. वाटण्या झाल्या तर आपली नोकरी गेलीच, म्हणून मॅनेजर प्रणितने दोघांची दिलजमाई व्हावी यासाठी खाडीत लाँचवर पौर्णिमेची पार्टी ठरवली. 'कंपनीच्या कार्यक्रमात टाळायच्या वीस चुका' ही यादी भिंतीला चिकटवून त्याने एकेक चूक टाळली.

ऑफिसात चहा देणाऱ्या जाईबाई कोळीवाड्यातल्या. त्या म्हणाल्या, "सायबा, पुनवेला सांजचं पानी पार उतरतं. जेवान काठावरच घाला."

"जाईबाई, यादीत पाण्याच्या बाटल्या आहेत, ओहोटी नाही."

साडेपाचला लाँच चिखलात बसली, ती नऊला हलली. तोवर दोघे भाऊ शेजारी शेजारी बसून होते. आधी आभाळाकडे बघत, मग एकमेकांकडे, मग दोघेही प्रणितकडे.

 

कारखाना अजून एकत्र आहे. कार्यक्रमाची तारीख आता जाईबाई ठरवतात. प्रणित टिटवाळ्याला घरीच असतो. सहा वर्षांत भावांचं पहिलं एकमत झालं, ते त्याला काढण्यावर.