हळू बोल

"गळ्याला काय झालंय गं पोरीच्या?" बिबीजाननं सुनेला विचारलं.

कुवेतहून दीड वर्षानं आलेली नात तिच्या पुढ्यात उभी होती. पायात पांढरे मोजे, केसांना रिबीन. ओठ हलत होते, पण बिबीजानला काही ऐकू येत नव्हतं. सोप्यापलीकडच्या शेडमध्ये चार माग धडधडत होते, आणि त्यांच्या शेजारी बसून जन्मभर सुताच्या कांड्या भरल्यानं तिचे कानही जड झाले होते.

"गळा चांगला हाय, अम्मा," शहाजादी म्हणाली. तेही सासूला ऐकू गेलं नाही. सूनसुद्धा तिकडं जाऊन पुटपुटायला लागली होती.

शेवटी ख्वाजा आईच्या कानाशी वाकला आणि त्यानं सगळं सांगितलं. त्याच्या तिकडच्या कंपनीनं चाँदबीला मोठ्या शाळेत घातलं होतं. इंग्रजांची, लेबनानची, कुठकुठली पोरं तिथं. पहिल्याच आठवड्यात मॅडमनं नवराबायकोला बोलावून घेतलं. घरात भांडणं होतात का, असं विचारलं. मग पोरीचे कान तपासून आणायला सांगितलं. कानांना काही झालेलं नव्हतं. पोरगी इथली, कबनूरची होती, एवढंच. मागाच्या घरात जन्मली, मागाच्या वरताण बोलायला शिकली. वर्गात तिनं पाणी मागितलं तरी बाकीची पोरं दचकायची. तेव्हापासून आईबाप तिला सकाळ-संध्याकाळ एकच सांगत होते, हळू बोल.

"आता मॅडम लई खूश हाय," ख्वाजा म्हणाला. "वर्गात सगळ्यांत गुणी पोरगी म्हनती."

"आन् बोलती कुनासंगं?" बिबीजाननं विचारलं.

ख्वाजा पोरीच्या केसांतली रिबीन सारखी करू लागला.

बिबीजान उठली. नातीचा हात धरून तिनं तिला शेडमध्ये नेलं आणि कांड्यांच्या पाटीशेजारी आपल्यासमोर बसवलं. पलीकडं माग चालवणारा यल्लाप्पा तुटलेला धागा जोडत होता.

"हितं तुला गप म्हननारं कोन न्हाय," बिबीजान म्हणाली. "सांग बगू, साळा कशी हाय तुजी?"

चाँदबीचे ओठ हलले. बिबीजाननं कानामागं हात धरून मान हलवली. चाँदबीनं आवाज जरा वाढवला. बिबीजाननं पुन्हा मान हलवली. पोरीनं दाराकडं पाहिलं. तिथं आईबाप येऊन उभे होते. मग तिनं छातीभर श्वास घेतला.

"तिथं चमच्यानं जेवाय लागतंय, दादी. माजी चपाती चमच्यात बसत न्हाय."

यल्लाप्पा धागा तसाच हातात धरून हसला.

"मग गं?"

"एक पोरगी हाय, सुझन. तिचं केस कणसाच्या तुऱ्यागत हाईत. ती एकदा माज्याजवळ आली. तुजं नाव काय म्हनली. मी सांगितलं. तिला ऐकाय आलं न्हाय. तिनं परत इचारलं. मी परत सांगितलं. मग..."

तेवढ्यात लाईट गेली. चारी माग एकदम थांबले.

"...मग तिनं इचारायचं सोडलं."

एवढं एकच वाक्य शेडभर घुमलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. समोरच्या दारात तांदूळ निवडणाऱ्या पारूबाईनं मान वर केली.

चाँदबीनं तोंडावर हात ठेवला आणि ती बापाकडं बघू लागली.

ख्वाजा उंबऱ्यावरच बसला. कुवेतला जाण्याआधी तो या गल्लीतला माग दुरुस्त करणारा जॉबर होता. नुसत्या आवाजावरनं कुठल्या मागाचं काय दुखतंय ते ओळखायचा.

शहाजादी आत आली. लेकीसमोर बसली आणि पुष्कळ दिवसांनी तिनं आपल्या मूळच्या आवाजात विचारलं, "मग तू काय केलीस गं?"

"झोपाळ्यावर जाऊन बसलो. एकटीच."

मग उंबऱ्यावरून ख्वाजा म्हणाला, "ती सुझन अजून तुज्याच वर्गात हाय?"

"हाय की."

"मग गेल्या गेल्या तिला नाव सांगायचं. आत्ता बोललीस तसं."

"आन् मॅडम?"

"मॅडमला मी येऊन सांगतो."

चाँदबीनं जरा विचार केला. "मोठ्यानं?"

"मोठ्यानं," ख्वाजा म्हणाला.

मग पोरीनं मोजे काढून बाजूला ठेवले, मांडी घातली आणि ती सांगतच सुटली. बसमधला ड्रायव्हर रोज कसलं गाणं म्हणतो, लेबनानचा पोरगा पेन्सिल कशी खातो, वाळूचं वादळ आलं की वर्गात दिवसा दिवे कसे लावतात. दादीला एक शब्दही चुकत नव्हता. पारूबाई सूप घेऊन शेडच्या दारात येऊन बसली होती.

वरचा बल्ब पेटला. यल्लाप्पाची मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर होती, थांबलेला माग त्याला परवडत नसे. त्यानं एकदा मागाच्या बटनाकडं पाहिलं. मग कमरेची चंची काढून तंबाखू मळत तोही चाँदबीच्या समोर येऊन बसला.