पाण्याचा दिवस

नळाला आठ दिवसांनी पाणी आलं, तरी शमशाद कडी लावून फोन घेऊन बसली होती. आखातात लढाई पेटल्यापासून तिकडं कामाला गेलेल्या लेकाचा फोन लागत नव्हता. गल्लीत पाण्याच्या मोटारी घरघरत होत्या, पण तिच्या कानात एकच वाक्य घुमत होतं: संपर्क होऊ शकत नाही. अचानक अंगणात धो धो आवाज झाला. कडी काढून ती बाहेर आली. शेजारच्या द्वारकाबाईंनी भिंतीवरून पाईप तिच्या हौदात सोडला होता. "हाका मारून घसा बसला की," त्या म्हणाल्या. "पोरगं आल्याबरोबर अंघोळीला पाणी मागंल, तवा काय देशील?" शमशादनं भिंतीपलीकडं पाहिलं. द्वारकाबाईंचे ड्रम कोरडेच होते. तिनं फोन ओट्यावर ठेवला आणि पाईप परत त्यांच्याकडं दिला. "आधी तुमचे भरा, काकू. आल्यावर पहिला चहा तो तुमच्याकडंच पितो."