रीतीचा एक मार्क

अठराव्या पेपराशी मधुकर मास्तरांचं लाल पेन अडलं. नाव दुमडून चिकटवलेल्या कोपऱ्याखाली होतं, पण नाव वाचायची गरजच नव्हती. प्रत्येक समीकरणाखाली एक चौकट, चौकटीत ‘ताळा’ हा शब्द आणि त्याखाली दोन रेघा. ही तऱ्हा सगळ्या भांडुपात एकाच पोरीची होती, आणि ती पोरगी आत्ता स्वयंपाकघरात बसून आईला तांदूळ निवडून देत होती.

परीक्षा मुलुंडच्या एका ट्रस्टची. दहावीच्या मुलींसाठी. पन्नासपैकी पस्तीस पडले की अकरावी-बारावीची फी आणि पुस्तकं ट्रस्टकडून. मास्तरांनी आधीच हात जोडले होते, “माझी नीला बसलीय. मला नका देऊ गठ्ठा.”

ट्रस्टचे श्यामसुंदर हसले होते. “मास्तर, नावं झाकलेली आहेत. आणि तुमच्यावर नाही भरवसा ठेवायचा तर ठेवायचा कोणावर?”

तो भरवसा आता मानगुटीवर बसला होता.

शेवटचं समीकरण होतं ५क्ष − ७ = ३क्ष + ९. पोरीने क्ष इकडे आणले, सात तिकडे नेले, पण नेताना सातचं चिन्ह बदललंच नाही. उत्तर आठ यायचं ते आलं एक. आणि खाली चौकटीत ऐटीत लिहिलेलं, ‘डावी बाजू = उजवी बाजू’. कुठली डावी नि कुठली उजवी! एक घालून बघितला असता तर एकीकडे उणे दोन आणि दुसरीकडे बारा आले असते.

ह्याच एका गोष्टीवरून घरात वर्षभर आरडाओरडा चालला होता.

“नीला, ताळा म्हणजे सही नव्हे गं. आकडा घालून बघ.”

“बघितला ना, बाबा.”

“कुठे बघितलास? दाखव.”

मग नीला वही मिटून घेई. पलीकडच्या चाळीतली वनमालासुद्धा ह्याच परीक्षेला बसली होती, पण तिच्यावर मास्तरांना कधी आवाज चढवावा लागला नव्हता. गुणी पोर. बाप सहदेव संपापासून घरी बसलेला, गिरणी काही पुन्हा सुरू झाली नव्हती. वनमाला दोन घरचं पाणी भरून, भाकऱ्या थापून यायची तोवर मास्तर शिकवणीला निघालेले असत. मग नीलाच आपली वही उघडून तिला शिकवायला बसे. तिची आई सुगंधा एकदा दारात उभी राहून म्हणाली होती, “मास्तरांनू, पास झालां नाय तर बापूस ह्येका गावाक पाठवतलो. लगीन लावून देतलो.”

त्या बाबतीत मास्तर निर्धास्त होते. नववा पेपर त्यांनी तपासला तेव्हाच त्यांना कळलं होतं, हा वनमालाचा. स्वच्छ मांडणी, प्रत्येक ताळ्यात आकडे घालून दोन्ही बाजू सोडवलेल्या. एकोणपन्नास मार्क. “सुटली बिचारी,” असं ते स्वतःशीच पुटपुटले होते.

अठराव्या पेपराची बेरीज त्यांनी दोनदा केली. चौतीस.

चौदाव्या पेपरात असंच चिन्ह चुकलं होतं. सोळाव्यातही. दोन्हीकडे त्यांनी रीतीचा एक मार्क विचार न करता दिला होता. रीत इथेही बरोबरच होती. पण इथे पेन पुढे सरकेना. दिला तर बापाने दिला, आणि उद्या कोणी विचारलं तर सांगायचं काय?

कुंदाबाई चहा घेऊन आल्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी कप जरा लांबच ठेवला.

“नीलाचा पेपर आला का हो?”

“नावं झाकलेली आहेत.”

“तुम्हाला नाव लागतं?”

त्या आत गेल्यावर त्यांनी शेवटच्या समीकरणापुढे शून्य काढलं. आयुष्यात एवढं हतबल त्यांना कधीच वाटलं नव्हतं. जे करायचं होतं ते करता येत नव्हतं, आणि जे करत होते ते बघवत नव्हतं.

पुढचे दहा दिवस त्यांनी नीलाकडे सरळ बघितलं नाही. एकदा जेवताना म्हणाले, “समजा, नाहीच झालं, तर टायपिंगसुद्धा काही वाईट नाही.”

“असं काय बोलता, बाबा? ह्या वेळी सगळे ताळे केलेत मी. आकडे घालून.”

“हो, हो,” मास्तर म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. हे त्यांनी शंभरदा ऐकलं होतं.

यादी लागली त्या दुपारी ते बघायला गेले नाहीत. डोक्यावर पंचा टाकून पडून राहिले. नीला गेली होती.

जिन्यात पावलं वाजली. दारात सुगंधा उभी, हातात साखरेची वाटी. मास्तरांना जरा बरं वाटलं. एक तरी घर सुखी झालं म्हणायचं.

“बस गं, सुगंधा,” ते उठत म्हणाले. “वनमालाचं अभिनंदन हो.”

“आधी तोंड गोड करा, मास्तरांनू. तुमचां नीला पयलां इलां. एकोणपन्नास! थंय सगळ्यो पोरी तेका घेरून उभ्यो हत.”

कुंदाबाई धावत बाहेर आल्या. मास्तरांच्या हातातला पंचा खाली पडला.

“आणि वनमाला?” त्यांनी विचारलं.

सुगंधाने पदराने कपाळ पुसलं. “चौतीस,” ती म्हणाली. “उद्याच्या एष्टीन गावाक जातलां. तुमच्या पाया पडूक खाली येऊन उभां हा, वर बोलवू?”