पंगतीतले हात

वाईजवळच्या त्या साधना केंद्रात घास एकदम उचलायचा असा काही नियम नव्हता. तरी पंगतीतले सगळे हात एकदम उठत. चावणं एकदम, गिळणंही एकदम.

त्रिशलानं हे पहिल्याच दिवशी टिपलं होतं. धाकट्या बहिणीला, श्रद्धाला, सांगलीला परत न्यायचं म्हणून ती संयोगिता या खोट्या नावानं तिथे शिरली होती. श्रद्धा मात्र तिला ओळखही दाखवत नव्हती. आज बोलू, उद्या बोलू म्हणता म्हणता पावसाळा सरला. आता तिचाही हात इतरांबरोबर उठू लागला होता.

एरवी जेवण दिवसाउजेडी होई. त्या दिवशी मात्र वाढायला उशीर झाला. घास तोंडाशी आला आणि खिडकीबाहेर सूर्य डोंगराआड गेला.

त्रिशलाचा हात आपोआप थांबला. दिवस मावळल्यावर त्यांच्या जैन घरात कुणी कधी जेवलं नव्हतं. हात अजून आपलाच आहे तर! तिला हायसं वाटलं.

तिनं मान वर केली. अख्ख्या पंगतीचे हात ओठांपाशी थांबले होते.

"आक्का," शेजारून श्रद्धा हळूच म्हणाली, "दिस बुडाला की. आई वरडंल."

त्रिशलाला हसूही आलं आणि रडूही. तिनं घास ताटात ठेवला. सगळ्या ताटांतून एकच आवाज आला.

मग इतके दिवस गिळलेलं वाक्य ती मोठ्यानं बोलली, आणि तिच्याबरोबर सगळी पंगत, एका आवाजात:

"चल श्रद्धा, आपण घरी जायचं."