उकंडाचं तोंड

"त्याच्या तोंडावर मास्क कोर," मारोतराव म्हणाले. "परवा यवतमाळच्या प्रदर्शनात हे चित्र लागन. लोक इचारतीन, कोणाचं वावर हे?"

निशिगंधानं कोरणी खाली ठेवली. समोर सागाची फळी होती. तिच्यात तिनं त्यांच्या वावरातला मजूर उकंडा कोरला होता. पाठीवर फवारणीचा पंप, अंगाला चिकटलेला ओला सदरा, उघडं तोंड. गेल्या भादव्यात मारोतरावांच्याच कपाशीत फवारता फवारता तो पडला. चौथ्या दिवशी दवाखान्यात मेला. चौकशीला आलेल्यांना मारोतरावांनी सांगितलं, आमी मास्क देल्ला होता, त्यानंच नाही बांधला.

"तुमी देल्लाच नोता, बाबा. आणि मास्क कोरायचा म्हणजे त्याचं तोंड खरवडून काढायचं. लाकूड गेलं की छापल्यावर नुसतं पांढरं उरते."

"मंग खरवड! चित्रातल्या माणसाले का दुखते?"

निशिगंधाचं डोकं फिरलं. तिनं फळीवरून शाईचा रूळ फिरवला, कागद अंथरला आणि दात-ओठ खात तो पाठीमागून घासला. ओला ठसा उचलून तिनं बापाच्या नाकासमोर धरला.

"पाहा नीट! असे पन्नास छापतो. दारव्ह्याच्या बाजारात भिंतीभिंतीवर लावतो. मंग सांगा लोकायले, मास्क देल्ला होता म्हणून!"

मारोतराव तणतणत बाहेर पडले. दारात उकंडाची बायको मानीबाई उभी होती. तिच्याकडे न पाहताच ते गेले.

पहिला ठसा घ्यायला निशिगंधानंच तिला बोलावलं होतं.

"हा तुमचा, मावशी."

मानीबाईनं हात पुढे केला नाही. ती नुसती पाहत राहिली.

"असाच होता," ती म्हणाली. "बाहीचं ठिगळसुदिक घेतलं तुमी. कवा काढलं?"

"फवारणी चालू होती तवाच. तीन दिवस वावराच्या कडेले, धुऱ्यावर बसून कागदावर काढत होती मी. मंग लाकडात कोरलं." निशिगंधाच्या आवाजात अजून मघाचा ताव होता. "मी काहीच लपवलं नाही, मावशी. जसं दिसलं तसं काढलं."

"दिसलं ना?" मानीबाई एकदम उसळली. "मी पंपाले पाणी आणून देत होती, ताई. मले बी दिसत होतं. वास येते म्हणून तुमच्या तोंडाले दुपट्टा बांधेल होता. मंग त्याले काहून नाही म्हटलं, तू बी बांध म्हणून?"