शेवटचा बेडूक

"शेवटचा बेडूकही गेला," म्हणत नायिका विषारी नदीच्या काठी कोसळली. विंगेत बेडकाचे आवाज काढणाऱ्या मोरेश्वरने तोंड मिटलं. आता नुसती शांतता हवी होती. दिग्दर्शिकाबाईंच्या मते स्पर्धेचं पहिलं बक्षीस त्या शांततेतच होतं.

तेवढ्यात नाट्यगृहामागच्या गटारातून उत्तर आलं. "डराव."

महिनाभर त्याने रियाज त्या गटारापाशी बसूनच केला होता. आता तिथलं अख्खं खानदान सुरू झालं. प्रेक्षक हसून लोळायला लागले.

"गप्प बस ना मेल्या," बाई दात खाऊन पुटपुटल्या. त्याने तोंड दाबून दाखवलं.

मागच्या दारातून एक बेडकी टुणटुण आली आणि त्याच्या पायाशी बसून एकटक बघत राहिली.

बक्षीस तर गेलंच होतं. पण इतकी मनापासून दाद त्याला आजवर कुणी दिली नव्हती. त्याने बाईंकडे पाठ केली.

"डराव."