पायरीजवळचा कोपरा

कडूबाई सकाळपासून ओसरी सारवत होती. शेणात उमटणारे बोटांचे अर्धगोल एकसारखे पडायला हवेत, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आज तिसरी खेप होती, आणि साठी उलटलेले गुडघे आता वाकायला तयार नव्हते.

"आत्याबाई, बस करा आता. लय दमल्या तुमी," सून राजेश्री अंगणातून म्हणाली.

"एक रेघ वाकडी झाली, की माय तांब्याभर पाणी ओतायची त्याच्यावर. म्हणायची, पुन्हा कर. सहा वर्षांची होते मी."

राजेश्रीने तिला हाताला धरून उठवलं आणि लिंबाखालच्या बाजेवर बसवलं. मग ती शेताकडे गेली. पायरीजवळचा एवढासा कोपरा सारवायचा राहिला. जन्मात पहिल्यांदाच कडूबाईने काम अर्धं टाकलं होतं. तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा घसा कोरडा पडला होता. पायरीवर पाण्याचा तांब्या होता, म्हणून ती तिथवर गेली.

राहिलेला कोपरा सारवलेला होता, अजून ओला. त्यातले अर्धगोल अगदी लहान हाताचे होते. ओल्या ओसरीवर पाऊल मात्र कुणाचंच नव्हतं.

कडूबाईच्या अंगात भ्यायचंही त्राण उरलं नव्हतं. ती पायरीवर टेकली.

आतल्या खोलीतून एका पोरीचा रडवेला आवाज आला, "माय, आता बराबर झालं का?"

कडूबाईने कोपरा नीट निरखून पाहिला. एक रेघ वाकडी होती.

तिने तांब्या उचलला.